उत्तम कोडर ऑडिटर झाली आणि रिबटलांचा ढीग लागला

मेडिकल कोडिंग म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून आजार आणि उपचारांना बिलासाठी ठरलेले कोड देणं, आणि ऑडिटर म्हणजे ते कोड तपासणारा. अशा कोडिंग टीममध्ये ऑडिटरची जागा रिकामी झाली की नजर कुणाकडे वळणार, हे जवळजवळ ठरलेलंच असतं. ज्याची अचूकता सगळ्यांत जास्त, त्याच्याकडे. इथेही तेच झालं. ही कोडर पाच वर्षं अमेरिकी क्लिनिकांचे आउटपेशंट चार्ट, म्हणजे भरती न झालेल्या रुग्णांच्या नोंदी, कोड करत होती. सीपीसी ही कोडरची परीक्षा झालेली, सर्टिफिकेटवरचा अप्रेंटिसचा (नवख्याचा) शिक्का केव्हाच निघालेला, महिन्याची क्वालिटी, म्हणजे अचूकतेचे टक्के, कायम चांगली. मॅनेजरनं विचारलं, ती हो म्हणाली, आणि सोमवारपासून ती कालच्याच सहकाऱ्यांचे चार्ट तपासायला बसली.

पहिल्या महिन्याअखेर टीमची क्वालिटी घसरली होती आणि रिबटलांचा ढीग लागला होता. ऑडिटरनं काढलेली चूक कोडरला मान्य नसेल तर तो आधार देऊन हरकत घेतो, तिला रिबटल म्हणतात. थोडीफार रिबटलं येणारच, त्यात वावगं काही नाही. पण इथे जवळजवळ निम्मी रिबटलं दुसऱ्या पातळीवरच्या तपासणीत कोडरच्या बाजूनं लागली. टीममधला एक जुना कोडर तिला सरळच म्हणाला, "तू गेल्या महिन्यात माझ्या शेजारी बसून हाच चार्ट असाच कोड केला असतास."

पुढे जाण्याआधी एक खुलासा. हे प्रकरण कुठल्या एका टीमचं नाही. ऑडिट आणि ट्रेनिंगच्या कामात पुन्हापुन्हा दिसणारे प्रसंग अभ्यासासाठी एका टीममध्ये बसवले आहेत, त्यामुळे टीमचे आकडे समजावण्यापुरते आहेत. कोड आणि नियम खरे आहेत.

मॅनेजरसमोर दोन उपाय होते: तिला परत प्रॉडक्शनला, म्हणजे रोजच्या कोडिंगला, पाठवायचं, नाहीतर अख्ख्या टीमला पुन्हा ट्रेनिंगला बसवायचं. दोन्ही घाईचे. सुदैवानं त्यानं आधी ऑडिट शीट सीनियर ट्रेनरकडे दिली. ट्रेनरनं शीटवरचे टक्के बाजूला ठेवले आणि त्यातले तीन चार्ट उघडले.

पहिला चार्ट: ९९२१४ की ९९२१३

जुना रुग्ण फॉलोअपला आलेला. उच्च रक्तदाब आणि हायपोथायरॉइडिझम. नोट जेमतेम सात-आठ ओळींची. रक्तदाब लक्ष्याच्या आत आहे, लोसार्टन त्याच डोसनं चालू ठेवायचं. टीएसएच (थायरॉइडची चाचणी) पाहिलं, ठीक आहे, लेव्होथायरॉक्सिन चालू. दोन्हींचं रिफिल दिलं, सहा महिन्यांनी बोलावलं. कोडरनं ९९२१४ दिला होता. ऑडिटरनं तो ९९२१३ वर, म्हणजे एक पायरी खालच्या, कमी पैशांच्या व्हिजिट कोडवर उतरवला आणि शेरा मारला: "नोट छोटी, तपासणी नाममात्र, उपचारात बदल नाही."

शेऱ्यातल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण कोडची पातळी त्यांच्यावर ठरत नाही. १९९५ आणि १९९७ च्या जुन्या मार्गदर्शक नियमांत इतिहास किती लिहिला, तपासणीत किती मुद्दे आले, याची मोजणी चालायची. ऑफिस व्हिजिटसाठी ती २०२१ पासून गेली, आणि हॉस्पिटल व इमर्जन्सीच्या बहुतेक व्हिजिटसाठी २०२३ पासून. आता पातळी ठरते ती वैद्यकीय निर्णयावर किंवा वेळेवर. निर्णयाचे तीन घटक आहेत: समस्या, डेटा आणि जोखीम. तिघांपैकी दोन त्या पातळीला पोचले की पुरे. या चार्टमध्ये दोन स्थिर दीर्घकालीन आजार आहेत, म्हणजे समस्या मध्यम पातळीची. डॉक्टरनं औषधांचा विचार करून ती चालू ठेवली, म्हणजे जोखीमही मध्यम. डेटात एकच चाचणी पाहिली आहे, तो घटक खालीच राहतो, आणि राहिला तरी बिघडत नाही. ९९२१४ बरोबर होता.

इथे ट्रेनरनं ऑडिटरला दोन जास्तीचे प्रश्न घातले, आणि मला तेच जास्त मोलाचे वाटतात. समजा, नोटमध्ये रक्तदाब १५८/९६ असता आणि डॉक्टरनं 'लक्ष्यात नाही' असं लिहिलं असतं, तर आजार स्थिर धरायचा का? नाही. सीपीटीच्या, म्हणजे डॉक्टरनं केलेल्या कामाच्या कोडांच्या पुस्तकाच्या, व्याख्येत 'स्थिर' हे त्या रुग्णाच्या उपचाराच्या लक्ष्यावरून ठरतं. आकडा वर्षभर तोच असला, तरी लक्ष्य गाठलेलं नसेल तर तो आजार स्थिर नव्हे. दुसरा प्रश्न: नोटच्या कोपऱ्यात नुसती औषधांची यादी असती तर जोखीम मध्यम धरायची का? तीही नाही. डॉक्टरनं त्या औषधाबद्दल काही ठरवल्याचं नोटमध्ये दिसायला हवं. म्हणजे या चार्टवर वाद घालायला जागा होती, पण ती नोटच्या लांबीत नव्हती.

मग पाच वर्षं हे कोड नीट देणाऱ्या बाईंचा हात ऑडिटरच्या खुर्चीत का आखडला? तिला कोडिंग शिकवणारे सीनियर जुन्या मोजणीत मुरलेले होते, हे एक. दुसरं असं की ऑडिटर म्हणजे कडक, आणि कडक म्हणजे कोड खाली आणणारा, ही समजूत या क्षेत्रात खोल बसलेली आहे. अपकोडिंगची, म्हणजे कामापेक्षा वरचा कोड दिला जाण्याची, भीती सगळ्यांनाच असते, आणि ती रास्त आहे; सरकारी पैशाचे खोटे क्लेम रोखणारा अमेरिकेतला फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट १८६३ पासूनचा आहे. पण डॉक्टरनं केलेल्या कामापेक्षा कमी कोड देणं हीदेखील चूकच. ऑडिटरच्या शीटमध्ये सगळ्या चुका एकाच दिशेच्या निघत असतील, तर आधी ऑडिटर तपासावा.

दुसरा चार्ट: बरोबर शेरा, वाया गेलेला

नोटमध्ये टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब, किडनीचा दीर्घकालीन आजार स्टेज ३बी, आणि मधुमेहावर तोंडानं घ्यायची गोळी. कोडरनं दिले होते ई११.९ (गुंतागुंत नसलेला मधुमेह), आय१० (नुसता उच्च रक्तदाब), एन१८.३२ (किडनीची स्टेज ३बी). ऑडिटरनं लिहिलं: "ई११.९ चूक, ई११.२२ हवा. आय१० चूक, आय१२.९ हवा. झेड७९.८४ राहिला."

सगळं बरोबर: ई११.२२ म्हणजे मधुमेहामुळे झालेला किडनीचा आजार, आय१२.९ म्हणजे रक्तदाब आणि किडनीचा आजार एकत्र, झेड७९.८४ म्हणजे मधुमेहाची गोळी चालू असल्याची नोंद. कोडरनं रिबटलही केलं नाही. आणि पुढच्या महिन्यात तीच चूक पुन्हा केली.

ट्रेनरनं त्याला बोलावून शांतपणे विचारलं, "ई११.२२ का नाही दिलात?" तो म्हणाला, "सर, डॉक्टरनं मधुमेहामुळे किडनी बिघडली असं कुठेच लिहिलेलं नाही. आपण कसं गृहीत धरायचं?" हे उत्तर ऐकून मला तर त्याची पाठ थोपटावीशी वाटेल. डॉक्टरनं न लिहिलेला संबंध कोडरनं जोडायचा नाही, हे प्रत्येक बॅचला पहिल्याच आठवड्यात बजावतात. पण आयसीडी-१०-सीएमच्या, म्हणजे निदानांच्या कोडांच्या पुस्तकाच्या, इंडेक्समध्ये मधुमेहाखाली 'विथ' या शब्दाच्या पोटात जे आजार येतात, त्यांच्याबाबतीत वर्गीकरणच संबंध धरून चालतं. संबंध नाही असं डॉक्टरनं स्पष्ट लिहिलं असेल तरच तो सोडायचा. मार्गदर्शक नियमांच्या पहिल्या विभागात हे आहे. रक्तदाब आणि किडनीच्या दीर्घकालीन आजाराचंही तसंच, म्हणून आय१२.९ आणि सोबत स्टेजसाठी एन१८.३२.

म्हणजे कोडरला नियम माहीत नव्हता असं नाही. एक चांगला नियम तो जिथे चालत नाही तिथे लावत होता. 'चूक, हा कोड हवा' एवढ्या शेऱ्यानं ते सुटणार नव्हतं, कारण त्याला त्या चार्टचं उत्तर मिळालं, पण त्याच्या डोक्यातला नियम जागच्या जागीच राहिला. पुढचा मधुमेहाचा चार्ट आला की तोच पुन्हा पुढे येणार.

तिसरा चार्ट

तीव्र खोकला आणि ताप, क्लिनिकमधली व्हिजिट, डॉक्टरचं मत 'प्रोबेबल न्यूमोनिया' (बहुधा न्यूमोनिया), एक्स-रे सांगितलेला. कोडरनं जे१८.९, म्हणजे न्यूमोनिया, दिला. ऑडिटरनं तो काढून आर०५.१ आणि आर५०.९ लावले, म्हणजे तीव्र खोकला आणि ताप. हेही बरोबर. आउटपेशंटमध्ये 'प्रोबेबल', 'सस्पेक्टेड', 'रूल आउट' असं लिहिलेलं निदान कोड करायचं नाही. जेवढं नक्की आहे तेवढंच द्यायचं, म्हणजे इथे लक्षणं. नाहीतर कधीच सिद्ध न झालेला आजार रुग्णाच्या नावावर चढतो.

या कोडरच्या शीटवर अशा चार चुका होत्या. ऑडिटरनं चार वेळा 'गाइडलाइन वाचा' असं लिहिलं होतं. ट्रेनरनं एकच प्रश्न विचारला: "याआधी कुठल्या प्रोजेक्टवर होतात?" इनपेशंटवर. झालं! हॉस्पिटलात भरती असलेल्या रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळी निदान 'प्रोबेबल' असेल तर ते असल्यासारखंच कोड करतात, काही मोजके अपवाद सोडून. तिथला नियम तो इमानदारीनं इकडे पाळत होता. चार चुका म्हणून मोजलेली ही खरं तर एकच चूक होती, आणि ती प्रोजेक्ट बदलताना अर्ध्या तासात संपवता आली असती.

टक्क्यांचा घोळ

क्वालिटी घसरण्यामागे आणखी एक कारण निघालं. ते जरा लाजिरवाणं आहे, पण सर्रास आढळतं. आधीचा ऑडिटर कोडागणिक गुण द्यायचा, ही चार्टागणिक देत होती. समजा, २५ चार्टमध्ये मिळून १२५ कोड आहेत आणि ८ चार्टमध्ये मिळून १० चुका आहेत. कोडागणिक मोजलं तर ११५ बरोबर, म्हणजे ९२ टक्के. चार्टमधला एकही कोड चुकला की तो चार्टच चुकीचा धरला, तर २५ पैकी १७ बरोबर, म्हणजे ६८ टक्के. काम तेच, माणसं तीच. ९५ टक्क्यांचं लक्ष्य या क्षेत्रात सारखं कानावर पडतं, पण ते कशाचे ९५, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. ऑडिटर बदलताना मोजणीची पद्धत कागदावर न देणारा मॅनेजर इथे जास्त दोषी, असं माझं मत.

शिवाय सगळ्या चुका एका तागडीत तोलता येत नाहीत. राहिलेला झेड७९.८४ आणि चुकीचा ९९२१४ या दोन्हींना एकच गुण कापला, तर कोडर पहिल्याला घाबरायला शिकतो आणि दुसऱ्याकडे लक्ष देत नाही.

शीट बदलली

नवी शीट ट्रेनर आणि ऑडिटरनं बसून तयार केली. प्रत्येक चुकीपुढे नोटमधली नेमकी ओळ उतरवायची. त्यापुढे नियम: आयसीडीचा मार्गदर्शक विभाग, सीपीटीची सूचना किंवा पेयरचं (बिलाचे पैसे देणाऱ्या विम्याचं) धोरण, यांतलं नेमकं काय ते. मग परिणाम: पैसे जास्त गेले, कमी गेले की काही फरक नाही. आणि शेवटी एक रकाना, ज्यानं खरा बदल घडवला: हा कोड देताना कोडर कुठला नियम पाळत असावा?

नियमाचा रकाना रिकामा राहिला तर ती चूक म्हणून धरायची नाही, 'सूचना' म्हणून जायची. पहिल्याच आठवड्यात तिच्या बऱ्याच चुका सूचनांमध्ये गेल्या. तिला ते लागलं. "मग मी ऑडिट कशाचं करते?" असं ती ट्रेनरला म्हणालीही. पण स्वतःची पसंती आणि नियम यांतला फरक ऑडिटरला असाच कळतो, एकेक रिकामा रकाना बघत.

परिणामाचा रकाना नुसता टीमपुरता नसतो, हेही तिला तेव्हा उमगलं. मेडिकेअर या अमेरिकी सरकारी विम्याकडून जास्त पैसे घेतले गेल्याचं निश्चित झालं, तर २०१० च्या कायद्यापासून ते ६० दिवसांत परत करण्याची जबाबदारी क्लिनिकवर येते. आपण सहज लिहिलेला 'ओव्हरकोडेड' हा शेरा तिकडे कुणाच्या तरी टेबलावर घड्याळ सुरू करू शकतो. तो आधाराशिवाय लिहिणं जितकं वाईट, तितकंच दिसत असून न लिहिणं.

नमुन्याचंही ठरलं. अमेरिकी आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरल कार्यालयानं २००० साली छोट्या क्लिनिकांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात डॉक्टरमागे पाच ते दहा चार्ट हा साधा मापदंड सांगितला होता. टीमनं यादृच्छिक चार्ट त्याच अंगानं ठेवले, आणि जिथे चुका दिसल्या त्या विषयाचे वेगळे चार्ट काढले. दोन्हींचे टक्के एकत्र करायचे नाहीत, कारण मुद्दाम अवघड जागा शोधून काढलेल्या चार्टवर टीमची सरासरी काढणं अन्यायाचं होतं. महिन्यातून एकदा दोन ऑडिटर एकमेकांची शीट न बघता तेच चार्ट तपासायचे आणि मग ताळा घ्यायचा.

ट्रेनिंग

शेवटच्या रकान्यामुळे ट्रेनिंगचा विषय आपोआप समोर आला. आता 'सगळ्यांना आयसीडी रिफ्रेशर' द्यायची गरज नव्हती. हवी होती दोन छोटी सत्रं: एक 'विथ' या नियमावर, दुसरं इनपेशंटमधून आलेल्यांसाठी. ट्रेनरनं पहिलं सत्र तिलाच घ्यायला लावलं.

ते फसलं. तिनं नियम पडद्यावर लावला, वाचून दाखवला, उदाहरणं दिली, "समजलं ना?" विचारलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. मान डोलावणं हा ट्रेनिंगमधला सगळ्यांत फसवा पुरावा आहे. तेच सत्र पुन्हा घेताना पद्धत उलटी केली. आधी चार्ट दिला, कोड ज्याचे त्यानं लिहून काढायचे, मग प्रत्येकानं 'मी हा कोड का दिला' ते एका वाक्यात सांगायचं. कोडबुक त्यानंतर उघडायचं, तेही इंडेक्सपासून. निम्म्या खोलीनं ई११.९ दिला होता, आणि सगळ्यांचं वाक्य तेच निघालं: डॉक्टरनं संबंध लिहिलेला नाही. तिथून पुढे तिला फारसं बोलावं लागलं नाही.

फ्रेशरांच्या क्लासमध्ये नेमकं याच्या उलट चालतं, म्हणून थोडं विषयांतर. मुलं कोड पाठ करत बसतात. सीपीसीच्या परीक्षेत कोडबुकं सोबत असतात. १०० प्रश्न, चार तास, पासिंग ७० टक्के. तिथे कस लागतो तो पुस्तकात शोधण्याचा. आणि पाठ केलेले कोड टिकत नाहीत. आयसीडी-१०-सीएम दर १ ऑक्टोबरला बदलतं, सीपीटी दर १ जानेवारीला. २०२० च्या ऑक्टोबरात एन१८.३ फुटून त्याचे एन१८.३०, एन१८.३१ आणि एन१८.३२ झाले, पुढच्या वर्षी खोकल्याच्या आर०५ चंही तेच झालं. ट्रेनरचं वर्ष या दोन तारखांभोवतीच फिरतं. सप्टेंबर आणि डिसेंबर हे त्याचे खरे परीक्षेचे महिने.

या वाटेवर येऊ पाहणाऱ्यांसाठी

सर्टिफिकेटांचं आधी उरकतो. एएपीसी या कोडरांच्या संस्थेची सीपीएमए ही ऑडिटरांसाठीची परीक्षा. तिच्यात कोडिंगबरोबर कम्प्लायन्स, नमुना निवडणं, अहवाल लिहिणं हेही येतं. इनपेशंटकडे जाणाऱ्यांना एएचआयएमए या दुसऱ्या संस्थेची सीसीएस किंवा एएपीसीची सीआयसी, रिस्क अ‍ॅडजस्टमेंटला (रुग्णांच्या आजारांवरून विम्याचे पैसे ठरवण्याच्या कामाला) सीआरसी. डॉक्टरांच्या नोटवर काम करायची आवड असेल तर डॉक्युमेंटेशनकडची सीडीआयपी.

सर्टिफिकेट दार उघडतं, एवढंच. परीक्षा पास होऊन लगेच ट्रेनर झालेली माणसं मी पाहिली आहेत. पुस्तकातल्या स्वच्छ उदाहरणांवर ती छान शिकवतात, पण खरी नोट आली, जिच्यात एका ओळीत 'सीकेडी ३बी' (सीकेडी म्हणजे किडनीचा दीर्घकालीन आजार) आणि खाली 'सीकेडी ४' लिहिलंय, की गडबडतात. अशा वेळी अंदाज कोडरनंही करायचा नाही आणि ऑडिटरनंही. डॉक्टरला क्वेरी पाठवायची, आणि तीही उत्तर सुचवणारी नको. 'स्टेज ४ लिहाल का?' ही क्वेरी नव्हे. हे प्रॉडक्शनमध्ये हात काळे केल्याशिवाय अंगी येत नाही. दोन-तीन वर्षं तरी चार्ट करावेत, शक्यतो एकाहून जास्त स्पेशालिटीत.

आणि ऑडिटर व्हायचंय की ट्रेनर, हे पदाच्या नावावरून ठरवू नये. चार्टबरोबर तासन् तास एकटं बसायला आवडतं, वाद लेखी घालायला आवडतो, त्यानं ऑडिट धरावं. समोरचा माणूस असा का विचार करतो, याचंच ज्याला कुतूहल, त्याला ट्रेनिंगमध्ये जास्त रस येईल. आपल्या ऑडिटरला पुन्हा घेतलेलं सत्र जमल्यावर मॅनेजरनं पूर्ण वेळ ट्रेनिंगची जागा देऊ केली. तिनं ती घेतली नाही. महिन्यातले बहुतेक दिवस ऑडिट आणि त्यातून निघालेली एक-दोन सत्रं, असं तिनं मागून घेतलं आणि सीपीएमएचा अभ्यास सुरू केला.

तिच्या शीटचीही फेरतपासणी ट्रेनर करतात, दर महिन्याला काही चार्ट. गेल्या खेपेला एका चार्टवर दोघांचं जुळलं नाही. गुडघेदुखीचा रुग्ण, डॉक्टरनं तपासलं, त्याच दिवशी सांध्यात इंजेक्शन दिलं. कोडरनं इंजेक्शनच्या २०६१० बरोबर व्हिजिटचा ९९२१३ दिला होता, मॉडिफायर २५ लावून, म्हणजे व्हिजिट प्रोसिजरहून वेगळी होती असं सांगून. ट्रेनरनं तो चालवून घेतला: इंजेक्शन द्यायचं त्याच दिवशी ठरलं, म्हणजे व्हिजिट वेगळी. तिनं व्हिजिट काढली होती. नियमाच्या रकान्यात लिहिलं होतं की एनसीसीआयच्या (कुठले कोड एकत्र द्यायचे नाहीत ते सांगणाऱ्या मेडिकेअरच्या नियमांच्या) धोरणानुसार छोटी प्रोसिजर करायचा निर्णय त्या प्रोसिजरच्या पैशांतच धरलेला असतो. नोटमध्ये गुडघ्यापलीकडे दुसरं काही हाताळलेलं नाही. आणि शेवटच्या रकान्यात, कोडर कुठला नियम पाळत असावा: "मोठ्या शस्त्रक्रियेचा, मॉडिफायर ५७ वाला, जिथे निर्णयाची व्हिजिट वेगळी धरतात."

ट्रेनरनी नोट पुन्हा वाचली, आपली नोंद खोडली आणि तो चार्ट पुढच्या सत्राच्या फोल्डरमध्ये टाकला.